पुरावर कविता लिहून मुलांचं मन मोकळं होतं म्हणे!

कृष्णाकाठचा
एका सरांची पोस्ट सकाळपासून फिरतेय. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ३५ फुटांवर गेलं म्हणून त्यांनी सातवीच्या वर्गाला कुसुमाग्रजांची 'कणा', पुरात घर गेलेला विद्यार्थी सरांना भेटायला येतो ती कविता, वाचून दाखवली आणि 'आता तुमच्या मनातला पूर लिहा' म्हणाले. वर्ग रडला, सर धन्य झाले, वर रडणाऱ्या पोरांचा फोटो.

२०१९ ला मी आठवीत होतो. शाळा उघडल्यावर आमच्याकडूनही असंच लिहून घेतलं. माझ्या कवितेत कृष्णा 'रागावलेली आई' होती, कारण बाईंना तसलं आवडायचं. आमची वगार दाव्यालाच मेली, सोडायला वेळच मिळाला नाही. ते मी लिहिलं नाही. कविता फलकावर लागली, खाली लाल शाईत 'छान!'. पोरांना बोलायचं असेल तर बोलू द्या, यमकं कशाला जुळवायला लावता?

खडूफळा
चुकलं तुमच्या बाईंचं, राग कवितेवर का? मी शिरोळ तालुक्यात शिकवते. पुराबद्दल नुसतं विचारलं की पोरं 'भीती वाटली' म्हणून गप्प. 'कणा' वाचल्यावर मात्र एकानं विचारलं, "बाई, सर खिशात हात घालत होते तर त्यानं पैसे का नाही घेतले? आमचे पप्पा तर सानुग्रहसाठी, म्हणजे सरकारी मदतीसाठी, तहसीलला रांगेत उभे होते." मग अख्खा तास रांग, पंचनामा, तलाठी, भिजलेली रेशनकार्डं. शेवटी चार-चार ओळी लिहिल्या. यमक कुणीही मागितलं नव्हतं.

पाणीवाला
त्यापेक्षा कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर लिहायला लावा. उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायला निघालेत आणि इथं आईच्या उपमा चालल्यात.

नदीपलीकडे
आलं का अलमट्टी! पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० लाच सांगितलंय, २०१९ चा पूर अलमट्टीमुळे नव्हता. नदीपात्रातले भराव बघा आधी.

पाणीवाला
समितीचं कौतुक आम्हाला नका सांगू. आयर्विनला ५७ फूट होतं तेव्हा आमच्या माडीवर गुडघाभर पाणी. भराव काय त्या रात्रीत पडला?

नदीपलीकडे
वर्षानुवर्षं पडतोय, आणि त्यावरचे प्लॉट आपल्याच लोकांनी घेतलेत. तुमचं घर निळ्या पूररेषेच्या आत की बाहेर, तेवढं सांगा.

पाणीवाला
घरावर यायचं काम नाही! आजोबांनी बांधलंय. तेव्हा निळी रेषा काय तुमच्या तीर्थरूपांनी आखली होती?

खडूफळा
तुम्हा दोघांनाही एकेक कोरा कागद देऊ का?

कृष्णाकाठचा
बाई, रांगेचा प्रश्न भारी होता, तेवढं मान्य. तुमच्यासारख्या शंभरात दोन निघतील. बाकीच्यांना उपक्रमाचा फोटो हवा असतो. तुम्हीही काढला असेलच?

खडूफळा
काढला. हौस म्हणून नाही. केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर तगादा, फोटो नाही गेला तर खुलासा मी द्यायचा. मतदार याद्या आम्ही, खिचडीचा हिशोब आम्ही, वर लिंक भरा, माहिती आजच पाठवा. यातून कवितेला तास काढते तर तुम्ही शंभरात दोन मोजताय.

कृष्णाकाठचा
बरं, शंभरात चार धरा. पण फोटो वहीचा पाठवा, रडक्या तोंडांचा नको. आणि त्या पोराच्या वडलांना पैसे मिळाले का?

खडूफळा
नाही. घर भाड्याचं. पंचनाम्यात नाव मालकाचं लागलं.

पाणीवाला
बघा! अलमट्टीची उंची वाढली की असे किती भाडेकरू बुडतील.