जुन्या पेठेत, नव्या घरात : आपले अनुभव लिहावेत

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर येथील जुन्या पेठांमधील धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत आणि त्याच जागेवर चार-पाच मजली इमारती उभ्या राहत आहेत. बाहेरच्या कॉलनीत प्लॉट न घेता ज्यांनी गावातच राहायचे ठरवले, त्यांनी आणि तेथे नव्याने आलेल्यांनीही येथे लिहावे. जागेचे दर सर्वांना ठाऊक आहेत. घर बदलल्यावर शेजार कसा राहिला, हे मला समजून घ्यायचे आहे. सुरुवात मीच करतो.

जुने जळगाव

आमच्या वाड्याच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर चौदा वारसांची नावे होती. सुरतेच्या आत्यांपासून पुण्याच्या चुलतभावापर्यंत सर्वांची हक्कसोडपत्रे आणि संमती मिळवण्यात चार वर्षे गेली. बांधकाम त्या मानाने लवकर झाले. दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकण्याची धावपळ संपली, भिंतींची ओल गेली, वडिलांना लिफ्ट मिळाली, आणि या सुखाची किंमत मी कमी लेखणार नाही. परंतु वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींची आठवण येते, कारण वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो.

खरी उणीव ओट्याची आहे. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ आमच्या दारावरून जातो. त्या दिवशी ओट्यावर सतरंजी अंथरलेली असे, बाहेरगावचे पाहुणे तेथेच बसत आणि रथ आवरण्यासाठी चाकांना मोगरी (लाकडी ठोकळा) लावणाऱ्या मंडळींना आई स्वतः पाणी देई. आता तळमजल्यावर दुकानांचे गाळे आहेत. पहिल्या वर्षी आईला चौथ्या मजल्यावरून रथाचा केवळ कळस दिसला आणि ती दिवसभर बोलली नाही. पुढच्या वर्षी आम्ही गाळेधारकांना विनंती केली; आता एकादशीला ते पायऱ्या मोकळ्या ठेवतात आणि आई तेथे खुर्ची टाकून बसते.

धुळे, आग्रा रोडच्या मागची गल्ली

दादा, आमच्या घरी प्रश्न कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातील लोकदेवतेच्या उत्सवाचा होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी सारे भाऊबंद एकत्र येतात, माणसागणिक गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून रोटांचे (नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे) दळण होते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनासाठी पांझरा नदीवर जायचे असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पन्नास माणसे कशी मावणार? सासूबाईंनी विकसन करारावर सही करण्यापूर्वीच अट घातली होती की तळमजल्याचा एक भाग गाड्यांसाठी न देता मोकळा ठेवावा. तेव्हा आम्हा सुनांना तो हट्ट वाटला होता. आज त्याच जागेत चौरंग मांडला जातो, आणि ज्यांच्याकडे कानबाई नाही ते शेजारीही रात्री गाणी ऐकायला येऊन बसतात.

भुसावळ

मी भाडेकरू होतो, म्हणून माझा अनुभव वेगळा आहे. एकाच खोलीत चाळीस वर्षे शिलाईचे काम केले. मालक भले होते, तोंडी शब्दावर खोली सोडली. पुढे त्यांच्या मुलांना तो शब्द माहीत नव्हता. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, जुनी इमारत पाडून नवी बांधताना भाडेकरूला तेथे जागा देण्याची तरतूद आहे, हे मला उशिरा कळले. जे अजून जुन्या खोलीत आहेत त्यांनी भाडेपावत्या जपाव्यात आणि मिळणारे क्षेत्रफळ लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. माझी गिऱ्हाइके आता तीन किलोमीटर येत नाहीत.

जळगाव, बळीराम पेठेजवळ

मी बदलीमुळे नांदेडहून आले, येथे माझे कोणी नव्हते. आमच्या इमारतीत गच्चीवर वाळवण घालण्यास मनाई होती. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या जिजींनी सभेत उभे राहून सांगितले की बिबडे (ज्वारीचे पापड) आणि उडदाचे पापड वाळवायला दुसरी जागा उरलेली नाही. नियम मागे घेतला गेला. पहाटे पाचला ज्वारीच्या चिकाचे पातेले वर नेण्यासाठी त्यांनी मला हाक मारली, आणि त्या एका आठवड्यात इमारतीतील सर्व घरांची नावे मला पाठ झाली.