स्वेमध्ये ठरावीक ॲपची खिडकी तरंगती कशी ठेवावी?

प्रश्न: नमस्कार. आयथ्री सोडून स्वे (दोन्ही लिनक्सवर खिडक्या शेजारी-शेजारी आपोआप मांडणारे विंडो मॅनेजर) वापरू लागलो, तेव्हा जुनी कॉन्फिग फाइल जवळजवळ तशीच चालली. मात्र आवाज कमी-जास्त करण्याचे ‘पाव्हूकंट्रोल’ हे ॲप उघडले की ते छोट्या तरंगत्या खिडकीत न येता अर्धा पडदा व्यापते आणि शेजारचे टर्मिनल आक्रसते. ठरावीक खिडकीवर आज्ञा लागू करणाऱ्या ‘फॉर_विंडो’ नियमात खिडकीची ओळख म्हणून ‘क्लास’ दिलेला आहे. काय चुकत असावे?

उत्तर: ‘क्लास’ ही एक्स११ची (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची, जिच्यावर आयथ्री चालते) खूण आहे. वेलँडवर (त्याच कामाच्या नव्या प्रणालीवर, जिच्यावर स्वे चालते) थेट चालणाऱ्या खिडकीला ती नसते; तिची ओळख ‘ॲप_आयडी’ने पटते, आणि एक्सवेलँडमार्फत (एक्स११ची ॲप्स वेलँडवर चालवणाऱ्या दुव्यामार्फत) चालणाऱ्या ॲपसाठीच ‘क्लास’ लागू पडतो. खिडकी उघडी ठेवून ‘स्वेएमएसजी -टी गेट_ट्री’ ही उघड्या खिडक्यांची माहिती दाखवणारी आज्ञा चालवावी आणि तिथे दिसणारे नाव अक्षरशः उचलावे, कारण कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरकही धरला जातो. अंदाजाने नाव लिहून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, जमले. परंतु गाणी वाजवणारे एक ॲप ‘असाइन’ (खिडकी ठरावीक वर्कस्पेसवर पाठवणारा नियम) लिहूनही चौथ्या वर्कस्पेसवर, म्हणजे चौथ्या आभासी पडद्यावर, जात नाही.

दुसरे उत्तर: ‘असाइन’ खिडकी प्रथम प्रकटते त्याच क्षणी तपासले जाते, आणि काही ॲप्स आपले नाव त्यानंतर जाहीर करतात. ‘फॉर_विंडो’ मात्र नाव किंवा शीर्षक बदलल्यावर पुन्हा तपासले जात असल्याने, त्यातच ‘मूव्ह टू वर्कस्पेस’ लिहावे. खिडकी क्षणभर समोर चमकून मग जाईल, एवढे सोसावे लागते.