अनुभव धागा: वन बीएचकेत सामान बसवताना (मापासकट सांगा)

कोंबायला जागा कुठेही सापडते. पण एक वस्तू काढायला आधी चार उतरवाव्या लागल्या, तर ती जागा असून नसल्यासारखी. म्हणून प्रतिसादात माप लिहा, काय फसतं ते लिहा. नुसतं 'छान दिसतं' नको.

*

माळा. खोली साधारण २ फूट, स्टुलावरून हात पोचतो जेमतेम सव्वा फूट. मागच्या पाऊण फुटात गेलेला कंदील पुढच्या दिवाळीला सापडत नाही, मग नवा येतो. उपाय म्हणजे माळ्याच्या पूर्ण खोलीएवढे लांबट खोके. रुंदी १ फूट, उंची माळ्याच्या दारापेक्षा २ इंच कमी, ६ मिमी प्लायचे. समोरच्या तोंडाला दोन भोकं पाडून नायलॉन दोरीची मूठ करा, आतून गाठ. तळाला मेणबत्ती घासली की खोका खरखरत नाही, सरळ पुढे येतो. नावाची चिठ्ठी झाकणावर चिकटवू नका, खालून दिसते ती समोरची बाजू. भरलेला खोका १० किलोच्या आतच ठेवा, कारण तो डोक्यावरून उतरवायचा असतो. पितळी पातेली माळ्यावर टाकणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

*

रजयांसाठी हवा काढायच्या पिशव्या चांगल्या. दोनतृतीयांशच भरा, काठोकाठ भरली तर झिप नीट बसत नाही आणि आठवड्यात पिशवी पुन्हा फुगते. रजई आधी दोन दिवस उन्हात कडक वाळवा, दमट गेली तर आतच बुरशी. गोधडीसाठी मात्र पैसे घालवू नका. ती थरावर थर घालून दाबून शिवलेली असते, काढायला आत हवाच नसते. आणि रजईचं आकारमान घटतं, वजन तेवढंच राहतं, हे माळ्यावर रचताना लक्षात असू द्या.

*

भिंतीवर फळी मारण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. ड्रिलने भोक पाडताना पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टर, त्यावरून काही ठरवू नका. पुढे लाल भुगा आला तर वीट. पांढरट पीठ आलं आणि बिट अलगद आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे. बिट अडूनच बसलं तर काँक्रीट, बहुधा कॉलम.

विटेला ८ मिमीचं बिट, ८ मिमीचा प्लग, ५० मिमीचा स्क्रू. प्लग प्लास्टर ओलांडून विटेत शिरला पाहिजे. तो प्लास्टरमध्येच राहिला तर फळी खपल्यासकट खाली येते. सिपोरेक्सला ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि प्लग जागच्या जागी फिरत राहतो. त्या भिंतीसाठी बाहेरून आटे असलेला वेगळा नायलॉन प्लग मिळतो, तोच मागा. दुकानदार 'हाच चालतो' म्हणून साधा देईल, घेऊ नका.

फळी पुस्तकांसाठी असेल तर १८ मिमी प्लाय आणि दोन ब्रॅकेटमध्ये २ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. फूटभर पुस्तकं सहज ८-१० किलो भरतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, वायरींचा पाइप तिथूनच गेलेला असतो. आणि भोकाखाली कागदी पाकीट उघडं चिकटवा, भुगा त्यात पडतो.

*

हायड्रॉलिक बेडचं (पंपाच्या जोरावर वरची फळी उचलून आत सामान ठेवायचा पलंग) एक. पंपाची ताकद गादीचं वजन धरून ठरवलेली असते. सुतार गादी यायच्या आधी पंप बसवून जातो आणि वरची फळी काही केल्या खाली बसत नाही. पंप बिघडलेला नसतो, गादी टाकली की बसते. उलट हलकी फोमची काढून जड कॉयरची टाकली तर फळी अर्ध्यावर थांबते किंवा हळूहळू खाली यायला लागते. तेव्हा डोकं आत घालून सामान शोधू नका, पंप बदला. बिजागरीकडच्या बाजूला हात पोचत नाही, तिथे वर्षातून एकदा लागणारंच जाऊ द्या. तळफळीला चारही कोपऱ्यांत इंचभराची भोकं पाडून जाळी ठोका, नाहीतर श्रावणापर्यंत आतल्या चादरींना कुबट वास.

*

फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत चाकांचा अरुंद रॅक सरकवणाऱ्यांसाठी: आधी चालू फ्रिजच्या बाजूला हात लावून बघा. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याआड असते, पत्रा तापतो. तिथे तेलाच्या बाटल्या आणि मसाले लवकर खवट होतात, आणि हवा कोंडल्याने फ्रिजही जास्त वेळ चालतो.

ओट्याखाली ट्रॉल्या करताना सिलिंडरच्या कप्प्याला दार हवं असेल तर जाळी दाराच्या खालच्या भागात घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. सुतार हमखास वर घेतात, कारण तिथे शोभते.

*

भाड्याच्या घरात भोक पाडू देत नाहीत, तिथे चिकटणारे हूक. टाइलवर टिकतात, डिस्टेंपरवर रंगाच्या पापुद्र्यासकट सुटतात. टाइल आधी स्पिरिटने पुसायची, हूक चिकटवून २४ तास काही अडकवायचं नाही. टाइलच्या सांध्यावर लावला तर पुरता चिकटत नाही आणि झारा-चमचे पहाटे ओट्यावर.