मदत हवी आहे: माणसांसमोर बसलं की षड्जच थरथरतो

नमस्कार. वय ३८, अकरा वर्षं ख्याल शिकते आहे. विशारद या संगीत परीक्षेचं मंचप्रदर्शन दोन महिन्यांवर आलंय. घरी यमनचा बडा ख्याल अर्धा तास निवांत गाते. पण यंदाच्या गुरुपौर्णिमेला, पंधरा-वीस ओळखीच्याच लोकांपुढे, पहिला षड्ज, म्हणजे सा, लावतानाच आवाज कापायला लागला. तोंड कोरडं, हात गार, छातीत धडधड. श्वास इतका तोकडा पडला की विलंबित एकतालाचं आवर्तन भरता येईना. समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) तोंडाशी मुखडाच, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची सुरुवातच, आठवली नाही. गुरुजींनी मुखडा उचलून दिला, एका शब्दानंही रागावले नाहीत. रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

सगळे म्हणतात, रियाज वाढव. वाढवला. भीती तेवढीच आहे, वर गळा दुखतो.

एक सहाध्यायी कार्यक्रमाआधी धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घेतो. मला लहानपणापासून दमा आहे. श्वास अडकेल या धास्तीनं गायला बसण्याआधी मी साल्ब्युटामॉलचा पंप दोनदा मारते. ती प्रोप्रानोलॉलची गोळी मला चालेल का? गोळीशिवाय कुणाला कशाचा गुण आला?

प्रतिसाद १
ताई, ती गोळी अजिबात घेऊ नका. प्रोप्रानोलॉलनं धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, पण दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका त्यानं आवळू शकतात. दुसऱ्याची गोळी तर कुणीच घेऊ नये.
आणि पंपाचं डॉक्टरांना नक्की विचारा. साल्ब्युटामॉलनंही हात थरथरतात, छाती धडधडते. दम लागला तर पंप घ्यायचाच, पण घाबरून घेतला असेल तर तुमची निम्मी थरथर त्याचीही असू शकते.

प्रतिसाद २
मी तबला वाजवतो, यातून गेलोय. रिकाम्या खोलीत कितीही तास बसा, माणसांपुढे बसायची सवय त्यानं होत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी मला पायऱ्या आखून दिल्या होत्या. आधी मोबाइलवर एका दमात रेकॉर्डिंग, चूक झाली तरी थांबायचं नाही. मग घरातलं एक माणूस, मग तीन शेजारी, मग अनोळखी. प्रत्येक पायरी भीती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. दमा आटोक्यात असेल तर दोन जिने चढून, छाती धडधडत असतानाच षड्ज लावून बघा. धडधड असूनही सूर लागतो हे एकदा अनुभवलं की तिची दहशत कमी होते. मुखडा मुद्दाम सोडून पुढच्या समेला पकडायचाही सराव करा. तुम्हाला खरी भीती त्याचीच दिसते.
झोप उडाली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती
मनापासून आभार. पंपाचा विचारच केला नव्हता! सोमवारी डॉक्टरांकडे जाते. आज संध्याकाळी शेजारच्या काकूंना ऐकायला बोलावलंय.