फॅमिली ग्रुप: सतरा वर्षांचा हेल्मुट

ताई (बर्लिन): काल इथल्या प्लोट्झेन्झे जेलला जाऊन आले. जेलच्या आवारात विटांची एक शेड आहे. कमानीच्या दोन खिडक्या, वर लोखंडी तुळई, तिला आकडे. १९३३ ते १९४५ मध्ये हिटलरच्या नाझी सरकारने इथे २,८०० हून जास्त माणसं मारली. त्यातला एक हेल्मुट ह्युबनर. आपल्या ओमएवढा, सतरा वर्षांचा.

आत्या: अगं बाई! काय केलं होतं त्याने?

ताई: रेडिओ ऐकला. हॅम्बुर्गच्या कामगारवस्तीतला पोरगा, सरकारी ऑफिसात शिकाऊ कारकून. परदेशी रेडिओ ऐकायला १९३९ पासून बंदी. भावाने फ्रान्सहून आणलेल्या सेटवर हा रात्री बीबीसीच्या जर्मन बातम्या ऐकायचा आणि कार्बन पेपर लावून पत्रकं टाइप करायचा. जवळपास ६० पत्रकं केली. टाइपरायटर त्याच्या चर्चचा, सैनिकांना पत्रं लिहायला दिलेला.

मामा: मी बावीस वर्षं टायपिंग केलंय. जास्त कार्बन लावले की शेवटच्या प्रतीसाठी जोरात ठोकावं लागतं, आणि रात्री तो आवाज भिंतीपलीकडे जातो. केवढी छाती त्या पोराची!

ओम: लिहायचा काय?

ताई: हिटलर खुनी आहे, युद्धाच्या बातम्या खोट्या आहेत, असं सरळ. कार्ल-हाइन्झ श्निबे (रंगाऱ्याकडे उमेदवारी करायचा) आणि रूडी वोबे हे दोस्त ती पत्रपेट्यांत, टेलिफोन बूथमध्ये, लोकांच्या कोटांच्या खिशात टाकायचे. हेल्मुटला एक पत्रक फ्रेंचमध्ये करून युद्धकैद्यांना द्यायचं होतं. ऑफिसातल्याच एकाला विचारलं आणि तिथून बातमी फुटली. फेब्रुवारी १९४२ मध्ये पकडला.

आत्या: लहान आहे म्हणून तरी सोडायचं!

ताई: कोर्ट म्हणालं, याची बुद्धी वयापेक्षा फार मोठी, म्हणून शिक्षाही मोठ्या माणसाची. हुशारीच नडली गं आत्या. सगळं त्याने स्वतःवर घेतलं. रूडीला १० वर्षं, कार्ल-हाइन्झला ५. याला मृत्युदंड. २७ ऑक्टोबरला दुपारी त्याला सांगितलं आणि रात्री आठच्या सुमारास गिलोटिनवर (डोकं उडवायचं यंत्र) नेलं. मधल्या वेळात घरी पत्रं लिहिली त्याने. मला त्या शेडमध्ये उभं राहवेना.

आत्या: आणि ते चर्च?

ताई: अटकेनंतर लगेच तिथल्या प्रमुखाने सभासदत्व काढून घेतलं. १९४६ ला परत दिलं.

आत्या: मेल्यावर.

मामा: ओम, रविवारी ये. माळ्यावरचा टाइपरायटर काढून ठेवतो. सहा कार्बन लावून एक पान ठोकून बघ.

ओम: येतो मामा. सकाळीच येतो.