दुसरीच्या वर्गात 'नामा'ची व्याख्या हवीच कशाला?
(पाच जणांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कानामात्रा
'व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाण यांच्या नावाला नाम म्हणतात' हे वाक्य दुसरीच्या मुलांकडून घोकून घेणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 'खुर्ची' विचारली की मूल पटकन सांगतं, पण 'भूक', 'पाऊस', 'मंगळवार' आले की अडतं. भूक ही व्यक्ती नाही, वस्तू नाही, ठिकाण तर नाहीच. शिवाय 'नावाला नाम' ऐकून बरीच मुलं फक्त माणसांचीच नावं लिहून मोकळी होतात.

त्याऐवजी हा-ही-हे घ्या. १२ ते १५ चित्रं आणि तीन टोपल्या. हा: आंबा, रस्ता, पाऊस. ही: पोळी, खुर्ची, भूक. हे: पाणी, झाड, घर. रोज १० मिनिटं, सगळं तोंडी. पुढच्या आठवड्यात 'एक' आणि 'खूप': आंबा-आंबे, पोळी-पोळ्या, झाड-झाडं. त्यात मुद्दाम एक 'उंदीर' सोडायचा, कारण तो एक असो की खूप, उंदीरच राहतो. तिसऱ्या आठवड्यात 'ला': घोडा-घोड्याला, झाड-झाडाला. हा-ही-हे लागतं आणि 'ला' लावता येतं, ते नाम. 'नाम' हा शब्द आणि त्याची व्याख्या तिसरीत द्या.

जुनी पाटी
व्याख्या वाईट म्हणून संज्ञाही टाकून द्यायची? फळ्यावर चूक दाखवताना काय म्हणणार, 'तो हे-लागणारा शब्द'? 'नाम' ही दोन अक्षरं आहेत, मुलं 'हत्ती'सारखी शिकतात.

आणि तुमच्या चाचणीला भोकं आहेत. 'हा लाल, तो निळा' असं मुलं म्हणतातच. 'मोठ्याला दे' हेही म्हणतात. मग लाल आणि मोठा नामं झाली का? 'खेळ'चं काय? 'हा खेळ संपला' आणि 'तू बाहेर खेळ'. सुटे शब्द यादीत देऊन यातलं काहीच ठरत नाही.

कानामात्रा
'खेळ'बद्दल मान्य. सुट्या शब्दांची यादी मीही रद्द करतो, वाक्यातच विचारायला हवं. 'लाल'चा उपाय सोपा आहे. मूल 'हा लाल' म्हणालं की 'लाल काय?' विचारायचं. 'लाल शर्ट' हे उत्तर आपोआप येतं. 'हा आंबा' म्हटल्यावर 'आंबा काय?' असा प्रश्नच उरत नाही.

सीमेवरची शाळा
दोघंही घरी मराठी बोलणारी मुलं धरून चालला आहात. हिंदीत लिंगं दोनच, आणि पानी पुल्लिंगी. ते मूल 'हा पाणी' म्हणणारच. सोलापूर-सांगलीकडे ज्यांच्या घरी कन्नड आहे, त्यांच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून ती खुर्चीही 'हे'च्या टोपलीत टाकतात. या मुलांना नाम कळलेलं असतं, मराठी लिंग कळलेलं नसतं. तुमची टोपली दोन्ही चुका एकच मानते. अशा वर्गात आधी 'ला' आणि 'खूप' घ्या, टोपल्या नंतर. आणि 'वेळ' चाचणीत आणूच नका: 'खूप वेळ गेला' आणि 'जेवायची वेळ झाली', दोन्ही बरोबर.

कर्ता कुठाय
नामावर एवढं भांडताय, मुलं अडतात वाक्यात. 'कर्ता जसा तसं क्रियापद' हा नियम दुसरीत सांगितला जातो आणि पुढच्याच पानावर मोडतो. 'मीना आंबा खाते' ठीक. 'मीनाने आंबा खाल्ला' इथे क्रियापद आंब्याकडे बघतं. राजूने पोळी खाल्ली, मीनाने दूध सांडलं. नियम पाळणारं हुशार मूल 'मीनाने आंबा खाल्ली' लिहितं आणि लाल शाई खातं.

क्रम असा ठेवा: आधी चालू काळ (राजू पोळी खातो), मग कर्म नसलेला भूतकाळ (मीना आली, राजू पडला), आणि 'ने'वाली वाक्यं सर्वांत शेवटी. तीही पट्ट्यांवर, तीन रंगांत: कोण, काय, काय केलं. 'काय'ची पट्टी बदलली की तिसरी बदलायची. 'ने'ची पट्टी पहिलीला जोडल्याशिवाय हा खेळ सुरू करायचा नाही. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं या खेळातून बाहेर. मुलगा 'मी वही फाडली' म्हणतो, पण 'मी वही विसरलो'. ही विसंगती दुसरीत समजावायला जाऊ नये.

दीड वेलांटी
लिहिण्याच्या दोन चुका कुणीच काढल्या नाहीत. एक, 'टेबला खाली', 'झाडा वर' असं तोडून लिहिणं. पट्टीच्या पद्धतीने ही वाढते! 'ला', 'ने', 'खाली' यांच्या पट्ट्यांना डावीकडे खाच पाडा म्हणजे त्या नामात अडकतील, सुट्या राहणार नाहीत. दुसरी, फूल-फुलाला, मीठ-मिठात, मूल-मुलाला. अशा शब्दांतला दीर्घ ऊ-ई 'ला-त' लागताच ऱ्हस्व होतो. चौथीपर्यंत 'फूलाला' दिसतं, कारण सुरुवातीला दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवलेली नसतात.

आणि इंग्रजी वर्कशीटचं भाषांतर करणाऱ्यांना हात जोडून विनंती: 'विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढा' हे देवनागरीत कसं करायचं ते आधी तुम्ही काढून दाखवा.

जुनी पाटी
खाचेची कल्पना घेतली. संज्ञेवर मात्र मी ठाम आहे. टोपल्यांवर पहिल्या दिवसापासून 'नाम' ही चिठ्ठी लावा, व्याख्या नको. आणि 'ने'वाली वाक्यं शेवटी, हे मला पटत नाही. मुलं घरी दिवसभर 'मी पोळी खाल्ली' बोलतात. जे तोंडात आहे ते वहीत वर्षभर अडवून ठेवलं, तर लिहायचं काय?

कर्ता कुठाय
बोलू द्या, लिहूही द्या. नियम म्हणून फळ्यावर मांडू नका, एवढंच.