प्रति: देवगडच्या शाखेला स्टब की एनएसएसए?
प्रश्न ओएसपीएफचा (राउटर ज्याने एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल): देवगडची शाखा कुठल्या प्रकारचा एरिया, म्हणजे राउटरांचा गट, करायची. देवगडहून रत्नागिरीकडे एकच लिंक, म्हणून वर एकांनी साधा स्टब (ओएसपीएफबाहेरचे रूट न घेणारा एरिया) सुचवलाय. मी तर थेट टोटली स्टबी (बाकीच्या एरियांचे रूटही न घेणारा) करीन. साध्या स्टबमध्ये टाइप 5 (बाहेरच्या रूटचे संदेश) अडतात, पण बाकीच्या एरियांचे टाइप 3 (त्यांच्या रूटचे संदेश) येतच राहतात; बाहेर पडायची वाट एकच असताना ते हवेत कशाला?

'नो-समरी' (टाइप 3 अडवणारा शब्द) फक्त एबीआरवर (एरियांना जोडणाऱ्या राउटरवर) लिहा, 'स्टब' मात्र एरियातल्या प्रत्येक राउटरवर. एकावर जरी राहिलं तरी त्याचा बाकीच्या राउटरांशी शेजार जुळत नाही, म्हणजे रूटची देवाणघेवाणच होत नाही. ऐन पावसात मी अर्धी रात्र केबलला शिव्या घातल्या होत्या, निघाली हीच चूक!

उद्या तिथे दुसऱ्या प्रोटोकॉलचे रूट आत घ्यायचे झाले तर एनएसएसए (स्टबसारखाच, पण आतून असे रूट घेऊ देणारा एरिया). पण सिस्कोच्या राउटरवर साध्या एनएसएसएत डिफॉल्ट रूट (दुसरा रूट नसेल तेव्हाची वाट) आपोआप येत नाही, एबीआरवर वेगळा सांगावा लागतो.